कण्हेरीचे खुंट

१४ जून, सकाळी सात वाजून दहा मिनिटे, फांद्या बारा. नव्या गाडीला जागा हवी म्हणून मुलाने त्याच्या दिवंगत आईची कण्हेर मला न विचारता मुळासकट काढली. त्या ढिगातून मी एवढ्याच वाचवल्या. जागा आखण्यासाठी त्याने ढिगातल्याच दुसऱ्या चार जाड फांद्या खुंट म्हणून कोपऱ्यांत ठोकल्या.

"बाबा, एक झुडूप तर होतं!"

"तुझ्या आईचं होतं," एवढे बोलून मी अबोला धरला.

तिरका छेद, कुंडीत चाळलेली वाळू, बेताचे पाणी. काही कमी ठेवले नाही. आयुष्यभर कारखान्यात तपासनीस होतो, म्हणून मुळे फुटली का हे रोज एकेक फांदी उपटून पाहत असे.

"अहो बाबा, त्यांना जरा बूड टेकू द्या की!" सून म्हणाली. तिच्यावरही खेकसलो.

बाराच्या बारा वाळल्या. रिकामी कुंडी मुलाच्या डोक्यात घालायला तरातरा अंगणात गेलो. गाडी दुपारी येणार होती. तो खुंट काढायला वाकला होता.

"हात लावशील तर याद राख!" मी ओरडलो.

गाडी रस्त्यावर उभी राहिली.


पालवी फुटलेले खुंट: चारपैकी चार.