तिसऱ्या तडाख्यानंतर

बशीत ऑक्टोपसचे ताजे कापलेले तुकडे अजून वळवळत होते. सेऊलमधली, टूरची शेवटची संध्याकाळ होती. वसुधाकाकू नको म्हणाल्या, तशी त्यांच्या नवऱ्याने, लेलेकाकांनी, सगळ्यांसमोर त्यांच्या थोबाडीत मारली.

"इथंही हिला मेतकूट-भातच हवा," असं म्हणून काकांनी एक तुकडा न चावताच गिळला. तो घशात चिकटला. त्यांना श्वास घेता येईना, ओठ निळे पडले.

"काकू, पाठीवर मारा. जोरात," समोरून टूर मॅनेजर ओरडला.

काकूंनी तळहाताने तडाखे हाणले. तिसऱ्याला तुकडा टेबलावर पडला आणि काका धापा टाकू लागले.

"निघाला, काकू. पुरे आता."

"तुम्ही जेवा सगळे," म्हणत काकूंनी काकांची मान टेबलावर दाबली आणि पुन्हा हात उचलला.