कर्ण्यातला आवाज

धामणगाव रेल्वे या गावच्या नितेशने वडिलांचा, खुशालरावांचा, व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर दुरुस्तीला काढला. ते गेल्यापासून तो बंदच होता. नितेशने जळालेले कंडेन्सर बदलले, मोबाइल जोडता यावा म्हणून मागे नवी पिन बसवली, जुना कर्णा जोडला आणि भरदुपारी बटण दाबलं.

व्हॉल्व्ह तांबूस उजळले. माइक जोडलेला नव्हता, तरी कर्ण्यातून त्याच्या बायकोचा आवाज आला, "चहा मांडू का?"

क्षणभराने प्राजक्ताने स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा मांडू का?"

"आताच तं इचारलं तू."

"मी? कावून मस्करी करून राहिले तुमी?"

हे वाक्यही कर्णा तिच्याआधीच बोलला होता.

मग कर्ण्यातला आवाज आणि खरा आवाज यांतलं अंतर वाढत गेलं. कुकरची शिटी कर्ण्यात वाजली, तेव्हा प्राजक्ता तांदूळ धूत होती. तिने स्वतःच्या कानांनी ती ऐकली आणि धावत आली.

"बंद करा वो ते!"

नितेश वाकला. तेवढ्यात कर्ण्यातून तिचाच हंबरडा फुटला, "धावा वो कोनी! यायले करंट लागला!"

प्राजक्ता त्याच्या शेजारी उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते.

नितेशचं बोट बटणावर टेकलेलं होतं.