डावा आरसा

"हल आणखी! हल, मेल्या!"

भर रस्त्याच्या कडेला मोटरसायकलवर ओणवी होऊन ती डाव्या आरशाला शिव्या घालत होती. हातात चौदा नंबरचा पाना होता, इंजिन चालू होतं आणि आरसा नुसता थरथर कापत होता. मागून येणाऱ्या एका ट्रकचे त्यात चार ट्रक दिसत होते. तिने नट पुन्हा एकदा जीव खाऊन आवळला. आरसा आणखी जोमाने थरथरू लागला.

गाडी सासऱ्यांची होती. आजवर त्यांनी ती कुणाच्या हाती दिली नव्हती, पोटच्या मुलाच्याही नाही. गॅरेजचं तर गाडीने तोंडच पाहिलं नव्हतं. ऑइल सासरे स्वतः बदलायचे, चेनही स्वतःच आवळायचे. पण सुनेची बदली टेकडीपलीकडच्या दवाखान्यात झाली. सोमवारपासून नर्सबाईंनी सकाळी सहाला हजर व्हायचं, आणि तिकडे जाणारी पहिली बस आठची. नवऱ्याची पाळी पाचला सुरू व्हायची, तीही गावाच्या दुसऱ्या टोकाला. गाडी मिळाली नाही तर नोकरी सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सासऱ्यांनी तीन दिवस विचार केला आणि आज सकाळी किल्ली तिच्यापुढे धरली. "दवाखाना बघून ये. गाडी जशी नेशील तशी परत आण. मग सोमवारचं बघू."

जशी नेशील तशी! दवाखान्याच्या आवारात तिने साइड स्टँड लावला, आणि हेल्मेट काढेपर्यंत तो ओल्या मातीत रुतला. गाडी सावकाश कलली आणि दमलेल्या म्हशीसारखी गवतावर आडवी झाली. दोन कंपाउंडरांनी धावत येऊन उचलून दिली. नशीब एवढं, की कुठे ओरखडा नव्हता, टाकीला पोचा नव्हता. फक्त आरसा फिरला होता. तो सरळ करून, सुटलो बुवा, म्हणत ती परत निघाली. सकाळी जाताना तिची नजर पुढच्या खड्ड्यांवरून हटली नव्हती. आता जरा धीर चेपला, म्हणून तिने आरशात पाहिलं, आणि करकचून ब्रेक दाबला. आरसा थरथरत होता!

त्याला आता अर्धा तास होऊन गेला होता. नट आवळून झाला, सैल करून झाला, रुमालाची चिंधी गुंडाळून झाली. दिवसाला पन्नास रडक्या पोरांना सुया टोचणारी बाई ती, पण हा वीतभर आरसा काही तिला जुमानत नव्हता. तिला त्याचा राग आला, स्टँडचा आला, ओल्या मातीचा आला आणि सर्वांत जास्त स्वतःचा आला. शेवटी तिने हात टेकले आणि गाडी पंक्चरवाल्याच्या टपरीवर नेली.

पंक्चरवाल्याने आरसा उपटून आटे उजेडात धरले. "ताई, नुसता नट आवळून काय होणार? बुडाशी रबर पाहिजे. आणि हा गंज बघा. हे दुखणं..."

"गंजाचं राहू द्या हो दादा! हलायचा थांबेल की नाही, तेवढं सांगा."

त्याने खांदे उडवले. जुन्या ट्यूबचा एक गोल तुकडा कापला, मधे भोक पाडलं, बुडाशी बसवला आणि नट आवळला. तिने इंजिन चालू केलं. आरसा ढिम्म हलेना. एका ट्रकचा एकच ट्रक दिसला. त्या माणसाच्या पाया पडावं असं तिला वाटलं.

सासरे फाटकातच उभे होते. आयुष्यभर लोकांचे विजेचे मीटर तपासलेला माणूस, त्यांच्या नजरेतून काही सुटणं कठीण. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. टाकीवरून हात फिरवला, वाकून दोन्ही पायदानं पाहिली. सूनबाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. मग "एक चक्कर मारून येतो," म्हणत ते निघाले.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. गाडीवरून न उतरताच त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पाडलीस ना?"

तिचे डोळे भरून आले. आता खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. सोमवार हातचा गेला, एवढं तिला कळलं. "हो बाबा. दवाखान्यात स्टँड रुतला. पण तुम्हाला कसं कळलं? कुठे ओरखडासुद्धा नाही."

"आरसा हलत नाहीये."

तिने वळून आरशाकडे पाहिलं.

"नवी गाडी घरी आणली ना, त्याच दिवशी मी चौकात पाडली होती," सासरे घराच्या दाराकडे बघत पुटपुटले. "तेव्हापासून हलतोय. तुझ्या सासूला सांगितलं, कंपनीतूनच असा आलाय, कुणाच्या बापाला दुरुस्त होणार नाही. अकरा वर्षं मागे बसून रोज विचारते, हा का हलतो म्हणून. म्हणून तर गाडी कुणाच्या हाती दिली नाही. कुणी नीट केला की माझं बिंग फुटलं!"

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, आलात का? थांबा, मलाही बाजारापर्यंत सोडा. चपला घालते."

सासऱ्यांनी घाईघाईने सीटखालचा पाना काढून तिच्या हातात कोंबला.

"सोमवारपासून गाडी तुझी. पण आत जे काही घातलंयस ते आधी काढ! तिची एक चप्पल घालून झाली असेल!"