ढब्ब्या

आमचा सतत हरणारा हॉकी संघ त्याचा मालक दुसऱ्या शहरात हलवणार, अशी बातमी आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच मी सामन्याला गेले, तेही एकटीच.

गोलमागच्या खुर्चीवरून बाबा गोलकीपरवर ओरडायचे, "अरे ढब्ब्या, बॉल अडव, बॉल!" तो वर बघून हसायचा. मी शेजारी लाजेने मान खाली घालून बसायचे.

आज सगळे गप्प होते. आमच्यावर दुसरा गोल झाला, तेव्हा गोलकीपरने सवयीने वर पाहिलं. रिकामी खुर्ची दिसली आणि त्याने मान खाली घातली.

"जाऊ दे पोरी, संपलं सगळं," शेजारचे काका म्हणाले.



मी बाबांच्या खुर्चीवर चढले आणि जीव खाऊन ओरडले, "सामान कसलं बांधतोस रे ढब्ब्या? बॉल अडव, बॉल!"