आजोबांवर राज्य

मी दुधाचा पेला पुढे केला, तशी माझी साडेतीन वर्षांची मनवा हात जोडून उभी राहिली. "आम्ही आपले आभारी आहोत," ती म्हणाली.

हे वाक्य माझंच. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मी खेळघर चालवते, आणि मनवाही त्यांच्यातच वाढते. देणगीदार आले की सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, गाणं म्हणायचं, हात जोडायचे. आता माझं लेकरू दुधासाठी आईचे आभार मानत होतं.

त्याच दुपारी एका कारखान्याचे मालक येणार होते. त्यांनी होकार दिला, तरच खेळघर पुढचं वर्ष चालणार होतं.

"आज रांग नाही, गाणं नाही. खेळत राहा," मी मुलांना सांगितलं.

"ताई, साहेब काय म्हणतील?" मदतनीस कौसाबाई कुजबुजल्या.

साहेब आले. लपाछपी रंगली होती, कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते देणगीची फाईल धरून दारातच अवघडले.

मनवाने त्यांची बाही ओढली. "आजोबा, तुमच्यावर राज्य. भिंतीकडे तोंड करा."

त्यांनी फाईल माझ्याकडे दिली, बूट काढले आणि मोजायला सुरुवात केली.

निघायची वेळ झाली तरी मनवा सापडेना. ते बूट घालायला वाकले, तोच कपाटामागून आवाज आला, "रडीचा डाव नाही हं, आजोबा!"

"हिला शोधायला वर्ष तरी लागेल," ते हसत म्हणाले. "द्या ती फाईल, सही करतो."