आर्लिस टॅकेटच्या आईचं थडगं

"तो चकचकीत काळा दगड आहे ना, तोच," म्हातारी हातातलं फडकं पुढे करत म्हणाली.

एस्टिलनं टोपी काढली. थडगी सजवायचा रविवार होता. टेकडीभर फुलं, आणि खाली झाडांखालच्या टेबलांवर कोंबडी न् मक्याची भाकरी. सगळं गाव तिकडेच तुटून पडलं होतं. एस्टिल मात्र ओहायोहून केंटकीच्या या डोंगरात गाडी हाकत आला होता तो एवढ्या दगडासाठी. 'ओमा टॅकेट', खाली जन्माचं साल, मृत्यूचं साल. गायक आर्लिस टॅकेटची आई.

ब्लूग्रासवाले, म्हणजे बँजोवर डोंगरी गाणी गाणारे, मेलेल्या आईवर ढिगानं गाणी करतात. पण आर्लिसच्या गाण्याची सर एकालाही नाही. मुलगा दूर शहरात बँजो वाजवतोय, इकडे आई वाट बघून बघून जाते, तो पोचतो तेव्हा दिवा विझलेला असतो. एस्टिलची आई गेली तेव्हा तोही असाच दूर कारखान्यात होता. हे गाणं नसतं तर त्यानं स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

"मावशी, तुम्ही ओळखायचात यांना?"

"चांगलीच." म्हातारी खाली बसून गवत उपटू लागली.

"मग आर्लिसचं ते गाणं झालं कसं?"

"ओट्यावर बसून. चाल ओमाचीच, शेंगा सोलताना गुणगुणायची ती. पोरानं उचलली."

"रडत रडत केलं असेल बिचाऱ्यानं."

"छे! पाय हलवत. म्हणाला, लोकांना रडायला आवडतं."

एस्टिलला रागच आला. गावाला आपल्याच माणसाचं नाव झालेलं कुठे सोसतं!

"दुःखाची ज्याची त्याची तऱ्हा असते, मावशी. येतो का तो इथे?"

"दगड बसवला तेव्हा आला होता. फोटोवाले घेऊन. परत नाही फिरकला."

"बघवत नसेल त्याला."

"तसंच असेल, बाळा."

एस्टिलनं गुडघे टेकले, फुलं ठेवली आणि शेवटचं कडवं म्हणायला घेतलं. म्हातारीनं खालच्या पट्टीत साथ धरली. एक शब्द चुकली नाही. तिचेही डोळे भरलेले पाहून त्याचा राग निवळला.

खालून एक बाई ताटली घेऊन धापा टाकत वर आली.

"आई, जेवण गार होतंय! स्वतःच्या थडग्यावर आणखी किती वेळ बसणार आहेस?"