हद्दीपलीकडे

होटगीला देगावकर आणि शिवयोगी हे दोघे वकील नेमके त्याच डब्यात चढले. त्यांना पाहून महादेवप्पा वकिलांनी बाकाखालची ट्रंक टाचेनं आत ढकलली. शेजारी बायको सावित्रम्मा होती, अकरा वर्षांची मुलगी मल्लव्वा होती, आणि ट्रंकेत लग्नाची लुगडी.

ते दोघे विजापूरचं काम उरकून पुढं संस्थानच्या कोर्टात दाव्यासाठी निघाले होते. बसल्या बसल्या त्यांनी बाररूममधला वाद पुन्हा काढला. बालविवाह बंद करणारा शारदा कायदा लागू होऊन वर्ष झालं होतं, तरी सोलापूरच्या वकिलांना दुसरा विषय नव्हता. दिल्लीच्या कायदेमंडळाला लोकांच्या धर्मात हात घालता येतो का, हा शिवयोगींचा मुद्दा. देगावकर म्हणत होते, येतो. त्यावर शिवयोगी विचारत, पण चौदाच्या आतली पोर, हा कायदाच नाही अशा संस्थानात नेऊन उजवली तर इंग्रजी कोर्ट काय करणार? मग असला कायदा कशाला?

"परवा महादेवप्पांनी बरोबर सुनावलं," देगावकर कौतुकानं म्हणाले. "पोरीला हद्दीपार नेईल त्या वकिलाची आधी सनद काढून घ्या, म्हणाले."

महादेवप्पा हसल्यासारखं करून खिडकीबाहेर पाहू लागले. ते तसं बोलले होते, आणि मनापासून बोलले होते. त्याच संध्याकाळी संस्थानातल्या सोयऱ्यांचा निरोप आला, मल्लव्वाच्या लग्नाला आता थांबत नाही म्हणून. म्हाताऱ्या आईनं जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी महादेवप्पांनी हो म्हटलं. हे सगळं इथंच सांगून मोकळं व्हावं असं त्यांना वाटलं, पण ते तारेचे खांब मोजत राहिले.

शिवयोगींचं लक्ष मल्लव्वाकडे गेलं. कोरं परकर-पोलकं, मनगटभर हिरव्या बांगड्या. त्यांनी सहज विचारलं, "काय गं, कुणाच्या लग्नाला निघालीस?"

सावित्रम्माची मान खाली गेली.

"लग्न न्हाय काका," मल्लव्वा म्हणाली. "मावशीला लई बरं न्हाय. तिला बघाया चाललोय आमी." बोलता बोलता तिनं दोन्ही हात परकराखाली घेतले.

शिवयोगींनी देगावकरांकडे पाहिलं. मावशीला काय झालंय, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. देगावकरांनी पाऊसपाण्याचा विषय काढला आणि तोही लगेच संपला.

महादेवप्पांनी बायकोकडे पाहिलं. तिनं हळूच नकारार्थी मान हलवली. तिनं पोरीला काही शिकवलं नव्हतं. त्यांनीही नव्हतं.

मल्लव्वा बापाकडे बघत होती. कविता न चुकता म्हणून दाखवल्यावर शाळेत मास्तरांकडे बघावं, तशी.